ताण घेणारी कड

कुसुमताई बेहेरे दुसऱ्याने विणलेला स्वेटर आधी आतून बघायच्या, मग बाहेरून. लोकर कधी दातांनी तोडायच्या नाहीत. कात्री खुर्चीच्या हाताला सुतळीने बांधलेली असायची. टाके मोजताना ओठ हलायचे आणि मध्ये कोणी बोललं की वाहतूक पोलिसासारखा डावा हात वर जायचा. चहा बशीतून, पण बशी सुयांपासून लांब. रस्त्याने जाणाऱ्या मुलाचं डोकं किती टाक्यांचं आहे, ते नुसतं बघून सांगायच्या. आणि कोणी त्यांच्यासमोर दुसऱ्या कोणाच्या विणकामाची स्तुती केली, तर "हं" म्हणायच्या. तेवढंच.

त्या "हं"चे प्रकार नीरजाला हळूहळू कळायला लागले. नीरजा शेजारच्या बिऱ्हाडातली. मराठी घेऊन एम.ए. झालेली, नोकरीची वाट बघणारी. दुपारी ती कुसुमताईंकडे विणायला शिकायची. सुलट टाका येत होता, उलट येत नव्हता.

"एम.ए. झालीस ना? मग सुई पेनासारखी धरू नकोस," कुसुमताई म्हणायच्या.

एका मुलींच्या शाळेच्या कचेरीत त्यांनी नोकरी केली, यजमान लवकर गेले, शालू नावाची एकुलती मुलगी वाढवून साताऱ्याला दिली. पण शनिवार पेठेत त्यांची ओळख यातल्या कशानेच नव्हती. आसपासच्या घरांत मूल जन्मलं की त्याचं पहिलं टोपडं कुसुमताई विणत. त्यांच्या टोपड्याची कड पट्टीने ओढलेल्या रेघेसारखी सरळ असायची. घट्ट आणि सरळ. लोक तिच्यावर बोट फिरवून बघत.

मग समोरच्या इमारतीत सरोजिनीबाई राहायला आल्या. यजमान मिलिटरीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. घरात रंगीत टीव्ही, बोलण्यात डेहराडून. "तिकडे आम्ही आठ महिने लोकरीतच असायचो," असं त्या सहज म्हणायच्या. कुसुमताईंना ते सहज वाटत नसे.

"आठ महिने लोकरीत! मेंढ्या होत्या की काय?"

सरोजिनीबाईंचे टाके काही फार एकसारखे नव्हते. कुसुमताईंनी त्यांचा स्वेटर आतून पाहिला होता. पण त्यांची कड ताण घ्यायची. ओढली की दुप्पट व्हायची, सोडली की गपकन जागेवर. शनिवारात असली कड कोणी पाहिली नव्हती. बायका ती ओढून बघत, सोडत, पुन्हा ओढत. कुसुमताई लांबून बघत आणि "हं" म्हणत.

शालू बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. कुसुमताईंनी टोपडं आधीच विणून ठेवलं होतं, पिवळं. बारशाच्या दिवशी ते बाळाच्या डोक्यावर होतं. पाळण्यातून उचलून घेतल्यावर शालूने ते काढलं, तर कपाळावर लाल रेघ उमटलेली.

"आई, काचतंय गं तिला."

"तिचं डोकं मोठं आहे. सासरच्यांवर गेलंय."

सरोजिनीबाईंनी बारशाला आणलेलं गुलाबी टोपडं शालूने पुडीतून काढलं आणि बाळाला घातलं. बाळ झोपलं. भरल्या घरात सगळ्यांनी ते पाहिलं. कुसुमताई घुगऱ्या वाटायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीरजाला बोलावलं.

"संक्रांत झाली की शालू साताऱ्याला जाईल. बाळ माझ्या घरातून माझं टोपडं घालून जाणार. तिच्या लोकरीत जाणार नाही. तू समोर जा आणि ती कड शिकून ये. माझं नाव काढायचं नाही."

नीरजा गेली. सरोजिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुला उलटा टाका येत नाही म्हणे. आणि एकदम कडेची चौकशी?"

नीरजाचे कान तापले. पण सरोजिनीबाईंनी सुई घेतली. लोकर अंगठ्यावर आणि तर्जनीवर ताणली. अंगठ्यावरच्या दोन्ही पदरांखालून सुई न्यायची, वरून पुन्हा आत बुडवायची, मग तर्जनीवरचा पदर उचलून आणायचा. "इथवर नीट झालं. पुढे एक गंमत आहे. ती मी ज्यांना शिकायचंय त्यांच्या हाताला दाखवीन. सांग त्यांना."

नीरजाने निरोप जसाच्या तसा दिला.

"मी? तिच्या दारात?" कुसुमताईंनी सुया ओढून घेतल्या. "एवढं कळलं ना, उरलेलं मला सुचेल."

सुचलं नाही. प्रत्येक टाक्याला पीळ बसायचा आणि तो सुईवरच अडकायचा. कड आधीपेक्षा घट्ट झाली. जाड सुया घेऊन पाहिलं, तर कड सैल पडून झालरीसारखी लोंबायला लागली. कुसुमताईंनी उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा उसवलं. समोरच्या गॅलरीत सरोजिनीबाई उन्हाला बसून विणत होत्या. त्या एकदाही इकडे बघत नव्हत्या, आणि कुसुमताईंना तेच सहन होत नव्हतं.

एका दुपारी नीरजा आली तेव्हा शालू आणि बाळ झोपलेले होते. कुसुमताईंच्या मांडीवर गुलाबी टोपडं होतं.

"हात पुढे कर. लोकर धर."

"कुसुमताई, हे तर त्यांचं..."

"हात पुढे कर."

विणलेलं काम शेवटाकडूनच उसवतं. टोपडं कडेपासून सुरू होतं आणि शेंड्याशी बंद होतं, म्हणून शेंड्याकडून ओढायचं, आणि सुरुवात सगळ्यात शेवटी हाती येते. कुसुमताई ओढत राहिल्या. ओळीमागून ओळ सुटली. नीरजाच्या दोन्ही हातांवर गुलाबी, कुरळी लोकर चढत गेली. काय चाललंय ते तिला दिसत होतं आणि पटत नव्हतं. या बाईने तिला सांगितलं होतं की दुसऱ्याचं काम विचारल्याशिवाय उलटंसुद्धा करू नये.

शेवटी नुसती कड उरली. कुसुमताईंनी ती डोळ्यांशी नेली. सुईच्या टोकाने एक फास उचलला, जरासा ओढला, दोरा कुठून जातो ते बघायला. तो सुटला. त्याच्यामागचा सुटला. कसा घातला होता ते दिसायच्या आत सगळी कड सरकली आणि हातात एक सरळ दोरा राहिला.

आत बाळ रडायला लागलं.

संध्याकाळी शालू टोपडं शोधत होती. "दोरीवर वाळत होतं ना? कावळ्याने नेलं असेल," कुसुमताई म्हणाल्या. नीरजाकडे न बघता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसलं, त्या गुलाबी लोकरीचा गुंडा पिशवीत घातला आणि नीरजाला सोबत घेऊन रस्ता ओलांडला.

"या. मला वाटलं, पुढच्या थंडीत याल," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"ही म्हणाली, तुम्हाला दुपारी सोबत नसते. म्हटलं, जाऊ."

कुसुमताईंनी गुंडा बाहेर काढला. सरोजिनीबाईंनी लोकर बोटांत धरली. तिच्यातले कुरळे वेढे पाहिले.

"ही माझ्या ओळखीची आहे."

"असणारच."

"शालूला काय सांगितलंत?"

"कावळा."

सरोजिनीबाई हसल्या, मग थांबल्या, मग शेजारी सरकल्या. त्यांनी कुसुमताईंच्या हातात सुई दिली आणि त्यांचा अंगठा धरला. "तर्जनीवरचा पदर उचललात? आता हा वाकवा. पुढे. बघा, पीळ उघडला. सुई त्यातून बाहेर."

एवढंच होतं. अंगठा वाकवायचा. चहा निवायच्या आत कुसुमताईंची वीतभर कड तयार झाली. ती ताण घेत होती, आणि शिवाय पट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. सरोजिनीबाईंनी ती ओढली, सोडली. उलटी करून आतून पाहिली.

"हं," त्या म्हणाल्या.

परत येताना कुसुमताई जिन्यात थांबल्या आणि हसल्या. "ऐकलंस?"

पुढचे दिवस त्या विणत आणि उसवत राहिल्या. एखादा टाका दुसऱ्यासारखा नसला की सगळं सोडायच्या. "तिच्यापेक्षा बरी नको, तिला लाज वाटेल अशी हवी," म्हणायच्या. संक्रांत तोंडावर आली होती.

आणि एका सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शालूने आणि नीरजाने त्यांना रिक्षात बसवलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. नीरजाचा हात धरून त्या म्हणाल्या, "सुयांना हात लावू नका. टाके सुटतील. आणि समोर द्यायचं नाही."

त्या परत आल्या नाहीत.

दिवस झाल्यावर सरोजिनीबाई आल्या. खुर्चीजवळ उभ्या राहिल्या. विणकामाची कड बोटांनी ओढली, सोडली. डोळे भरलेले होते, तरी त्यांनी ती उलटी केली आणि आतून पाहिली.

"अंगठा मीच शिकवला," त्या म्हणाल्या. मग, "द्या इकडे. दोन दिवसांचं काम आहे. बाळ जायच्या आत करून देते."

शालूने नीरजाकडे पाहिलं.

"नको," नीरजा म्हणाली.

बाळ साताऱ्याला गेलं ते तुळशीबागेतून आणलेला रुमाल डोक्याला बांधून. सुया खुर्चीवरच आहेत. गुलाबी कड, तिच्यावर चार बोटं वीण, दोन सुलट दोन उलट, आणि शेवटची ओळ अर्धी एका सुईवर, अर्धी दुसरीवर.