उलट्या ठेवलेल्या पाच प्लेटा

ही गोष्ट माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही. कॉलेजात एका माणसाला ठाऊक आहे, आणि तो बोलत नाही. आता तुम्हाला सांगतोय, कारण गेल्या महिन्यात रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजानं मला निवृत्तीचा निरोप दिला, शाल घातली, श्रीफळ दिलं — आणि भाषणं करणाऱ्या तिघांनीही मला प्रामाणिक म्हटलं. एक जण म्हणाला, आकड्यांशी इमान राखायला आम्ही सरांकडून शिकलो. मी मान डोलावली. लाज वाटली का? नाही. राग आला. त्यांचा आला, माझा आला, त्या शालीचासुद्धा आला. तो अजून उतरलेला नाही, तेव्हा माझं बोलणं तिरसट वाटलं तर वाटू दे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. माझा खास विषय एवढाच — मुळाला खाली कुठे आहे हे कसं कळतं? भात रुजत घाला, मोड आले की भांडं आडवं करा. काही तासांत मूळ वळतं आणि पुन्हा जमिनीची वाट धरतं. मिट्ट काळोखातही धरतं. मुळाच्या टोकाशी पिठाचे बारीक कण असतात, ते वजनानं तळाला बसतात आणि त्यावरून त्याला दिशा समजते. ह्या एवढ्याशा गोष्टीवर मी पगार घेतला, मान घेतला, परिषदांना जाऊन जेवणं जेवलो.

नाझनीन माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मांडवीची. वडील जहाजावर खलाशी, घरात एवढं शिकलेली ती पहिलीच. आजोळ केळशीचं, तिथून तिनं खाजणातलं लाल भात आणलं होतं — भरतीचं खारं पाणी शिरतं त्या शेतातलं. तिचा प्रश्न साधा होता आणि माझ्यापेक्षा चांगला होता. पाणी खारट होत गेलं तर मुळाला खाली-वर कळायचं बंद होतं का? माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं. ते मला टोचायचं का? टोचायचं. लिहून टाकतो.

तिच्या बारा प्लेटा होत्या. चौकोनी, पारदर्शक, आत चायना ग्रासच्या वडीसारखा थर आणि त्यावर ओळीनं रुजवलेलं भात. ह्या प्लेटा अंधाऱ्या कपाटात उभ्या ठेवायच्या. कुठली बाजू वर आणि कुठली खाली हे कळावं म्हणून कडेला बाण काढतात. आता हे नीट ऐका. माझ्या गुरूंनी मला शिकवलं होतं, कोंब जिकडे बाण तिकडे, म्हणजे बाण वर. मी जन्मभर तसाच काढला. नाझनीन उलटा काढायची, मूळ जिकडे जायचं तिकडे, खाली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, असा काढला तर चालेल ना सर? मी म्हटलं, चालेल. आणि विसरलो.

त्या कपाटाच्या दारावर माझ्या सहीचा कागद चिकटवलेला होता — दुसऱ्याच्या प्लेटांना कुणीही हात लावायचा नाही. त्याच महिन्यात एका विद्यार्थ्यानं शेजाऱ्याची प्लेट नुसती सरकवली म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. बिचाऱ्याचे कान लाल झाले होते.

आणि एका रविवारी सकाळी मी स्वतः ते कपाट उघडलं. का? फोटो हवे होते. मला एका परिषदेत भाषण द्यायचं होतं आणि पडद्यावर दाखवायला छानसं काही नव्हतं. सदानंदनं कुलूप काढून दिलं. सदानंद म्हणजे आमचा प्रयोगशाळेतला परिचर, मुलं त्याला सदामामा म्हणतात, कॉलेजच्या मागच्याच खोल्यांत राहतो. मी सर्वांत खाऱ्या पाण्याच्या पाच प्लेटा निवडल्या, कारण खरी गंमत तिथेच दिसणार होती. टेबलावर आडव्या ठेवल्या, फोटो काढले, परत कपाटात उभ्या केल्या. बाण वर करून. माझ्या सवयीनं. मग घरी जाऊन सुरमई जेवलो आणि झोपलो.

सोमवारी आठ वाजता मी आलो. सहज कपाट उघडलं — आणि बघतो तर पाच प्लेटांतली मुळं वळसा घेऊन आल्या वाटेनं परत फिरलेली. कळायला किती वेळ लागतो? मला लगेच कळलं. तिथे कागद होता, पेन होतं. चार ओळींची चिठ्ठी लिहिली असती की झालं असतं — बाई गं, माझी चूक, पुन्हा पेर. तिचे पंधरा दिवस गेले असते, माझी थोडी फजिती झाली असती. त्याऐवजी मी काय केलं? पाचही प्लेटा फिरवून सरळ केल्या. बाण खाली. दार लावलं, हात धुतले आणि खोलीत जाऊन पेपर वाचत बसलो. मी प्लेटा फिरवत असताना मागे सदानंद फरशी पुसत होता.

नऊला नाझनीन आली. तिला काय दिसलं असेल, सांगा. बाण जागच्या जागी, कमी खाऱ्या पाण्यातली मुळं नीट खाली गेलेली आणि सर्वांत खाऱ्या पाचांत मात्र मुळं वर वळलेली. पाचही प्लेटांत. ती धावत माझ्या खोलीत आली. मला वाटत होतं तिला शंका येईल. पण तिचा चेहरा काय फुलला होता. सर, खारटपणानं मूळ उलटं फिरलं, असं म्हणाली, आणि लगेच स्वतःच स्वतःला आवरून म्हणाली, की आधी पुन्हा करून बघते. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. मी म्हटलं, कर.

तिनं तीनदा पुन्हा केलं. तीनही वेळा मुळं मुकाट खाली गेली. जाणारच. मी तिला म्हटलं, तो पहिला प्रयोग अहवालात नकोच, गाळून टाक. वाटलं, ह्यानं सगळं मिटेल. तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "सर, दिसलं ते लिहायला नको का?" मीच शिकवलं होतं ना हे. दर वर्षी, पहिल्याच तासाला, खडू हातात धरून.

तिनं लिहिलं. सहा महिन्यांनी समितीपुढे तिचं काम मांडायचं होतं. बाहेरगावचे एक जाणते प्राध्यापक आले होते. त्यांनी फोटो निरखले आणि म्हणाले, ह्या पाच प्लेटा कुणीतरी मुद्दाम उलट्या करून ठेवल्यात, चमत्कार दाखवायला. त्यांचं निदान बरोबर होतं, मुद्दामचं सोडून. नाझनीन म्हणाली, "मी प्लेटा हलवल्या नाहीत." आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. सर आता काहीतरी बोलतील, एवढाच भरवसा होता.

मी बोललो. म्हणालो, "रविवारी मी प्रयोगशाळेत आलोच नव्हतो. तिनं काय केलं, ते तिलाच विचारा."

झालं. एवढंच वाक्य. रविवारचं नाव कुणी काढलंही नव्हतं, मीच काढलं — आणि त्या चार हुशार माणसांतल्या एकालाही ते खटकलं नाही. कसं खटकेल? मी कडक शिस्तीचा. ती खलाशाची पोर. आपण किती सहज विश्वास ठेवतो, आणि नेमका कुणावर ठेवतो, ह्याचा मला आजही संताप येतो. त्या संतापाला माझ्या तोंडात जागा नाही, हेही मला कळतं.

त्या संध्याकाळी सदानंद खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "सर, पोरगी तशी नाय वो. तुम्ही बोला ना." मी म्हटलं, तुमचं काम बघा. त्याची नोकरी तेव्हा कायम व्हायची होती आणि शिफारशीवर सही माझी लागणार होती. मी त्याला धमकी दिली नाही. गरजच पडली नाही. सही मी केली, वेळेवर केली, आणि त्यानंतर तो माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोललेला नाही.

नाझनीनची शिष्यवृत्ती थांबली. नोंदणी रद्द झाली. समितीच्या कागदावर 'निष्कर्षांत फेरफार' असं लिहिलं गेलं, आणि मार्गदर्शक म्हणून खाली मी सही केली. तिचे वडील एकदा मला भेटायला आले होते. पांढरा सदरा, हातात टोपी. मुलीच्या वतीनं माफी मागून गेले. मी त्यांना बसा म्हटलं, चहा मागवला. चहा पाजला त्यांना, ऐकताय ना?

तुम्ही म्हणाल, माणूस घाबरतो, होतं असं. नका म्हणू. मी घाबरलो होतो ते कशाला? नोकरी जाणार नव्हती. चार पोरं हसली असती. दारावरचा माझा कागद खोटा पडला असता. तेवढ्यासाठी.

निरोप समारंभानंतर आठवड्यानं मी मांडवीत गेलो होतो. नातवासाठी बेकरीत नानकटाई घेत होतो, तर मागून हाक आली. नाझनीन. केसांत एकदोन पांढरे. मासे परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत तपासणीच्या खात्यात काम करते म्हणाली. मी विचारलं, बरं चाललंय ना? "चाललंय सर. पण मी कुठल्याही आकड्यावर एकटी सही करत नाही. दुसऱ्या कुणालातरी बघायला लावते, मगच लिहिते. सगळे हसतात मला."

मग खाली बघत म्हणाली, "सर, ते तेव्हाचं — माझ्याच हातून झालं असणार. मीच कधीतरी उलट्या ठेवल्या असतील. खूप आठवून बघितलं, पण आठवत नाही. तुमचं नाव खराब झालं माझ्यामुळे."

बेकरीत दुसरं कुणी नव्हतं. बेकरीवाला आत भट्टीपाशी होता. भर दुपार, मला कुठे जायचं नव्हतं, नोकरी संपलेली, गमवायला काही उरलेलं नाही. पाच प्लेटा मी उलट्या ठेवल्या, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "होतं असं कधी कधी. मी केव्हाच विसरलो. तूही मनावर घेऊ नकोस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझे आभार मानले.