जावयाला भाकरी कशी वाढायची?

ग्रुपवरच्या समस्त जावयांनो, आत्ताच निमोण्याहून, सासुरवाडीहून आलोय आणि घरी न जाता शिरूरच्या सायबर कॅफेत बसून हे लिहितोय.

कंपनीच्या तपासणीत माझं वजन जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, तेलकट-गोड बंद. भाकरी, पालेभाजी, ताक घ्या. सासूबाईंना फोनवर हे सांगूनही आज ताटात पुऱ्या, भजी आणि बासुंदी!

"मामी, मला भाकरी द्या की."

त्यांचा चेहराच उतरला. "पाव्हणं, जावयाला भाकरी वाढली तर लोक काय म्हणतील?"

हात धुवायला आत गेलो, तर चुलीपाशी घरच्यांसाठी बाजरीच्या गरम भाकरी, मेथीची भाजी आणि ताक. मी तिथंच मांडी घातली. सासऱ्यांनी हसत दार लोटून घेतलं. "वाढ गं, आता कोन बघतंय?"

किती दिवसांनी असं पोटभर आणि हलकं जेवलो!

निघताना मामींनी बासुंदीचा डबा हातात दिला. "घरी द्या. आन् आईंनी इचारलं, तर ह्योच बेत व्हता म्हणा."

डबा आत्ता माझ्या शेजारीच आहे. आई चवसुद्धा विचारणार. मग सांगा, खरं बोलू, की एक चमचा खाऊन बघू?