पोवळ्याच्या टाकीत माहेरचं पाणी

आमच्या अमरावतीच्या घरात, बैठकीत, कूलरच्या बाजूला काचेची दोनशे लिटरची टाकी होती आणि तिच्यात मी पोवळं पाळलं होतं. पोवळं म्हटलं की बायका आधी माझ्या बोटाकडे बघायच्या. अंगठीतलं नाही हो, जिवंत. हरणाच्या शिंगासारख्या फांद्या, रंग कच्च्या आंब्याच्या सालीसारखा, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला फिकट निळी छटा. हात लावला तर दगड. पण त्या दगडावर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ कातडी असते आणि तीच काय ती जिवंत. पाण्यातला चुना घेऊन ती खाली आपला दगड बांधत जाते. मी सातवी शिकलेली बाई, मला हे कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. लेकीनं इंटरनेटवरून इंग्रजी कागद काढून दिले, ते मी शब्दकोश मांडीवर घेऊन लावत बसले. एक पान लावायला चार-चार दिवस.

पहिला तुकडा माझ्या अंगठ्याएवढा होता. शहरातल्या ज्या दुकानातून मी मासे घ्यायची, त्या दुकानदारानं बरेच दिवस टाळाटाळ केली. मला चाची म्हणायचा.

"चाची, ये मछली नहीं है की दाणे टाकले अन् झालं. इसको पानी चाहिए तो एकदम एक जैसा. आज जसं, उद्या तसंच. तुमच्यानं होईन का?"

"माझ्यानं चार पोरी झाल्या, हे नाही होणार?"

तो हसला आणि त्यानं पुढे दोन गोष्टी सांगितल्या. आपल्या समुद्रातलं पोवळं काढायला बंदी आहे, हा तुकडा परदेशात रोपासारखा वाढवलेला आहे, त्याचे कागद आहेत. आणि दुसरी गोष्ट, समुद्राचं मीठ कालवायचं ते फक्त फिल्टरच्या पाण्यात. नळाचं नाही, विहिरीचं नाही, टँकरचं तर नाहीच. ही दुसरी गोष्ट त्यानं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली होती. म्हणजे पुढे जे झालं त्यात त्याचा दोष नाही.

ती वर्षं मोठी वाईट होती. वीज दिवसाचे किती तास जाईल याचा नेम नव्हता आणि उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस. पोवळ्याला सव्वीसच्या आसपास लागतं. मी इन्व्हर्टरवर आधी टाकीचा पंप लावला, मग पंखा. यजमान घामानं निथळत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "दगडाले हवा घालून राहिली ही. मी जिवंत माणूस बसलो इथं." पण टाकीतलं पाणी उडून पातळी खाली गेली की हेच गृहस्थ मला हाक मारायचे. खिशातल्या पेनानं काचेवर रेघ मारून ठेवलेली असायची त्यांनी.

दर रविवारी मी पाणी तपासायची. काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे. निळ्याचं पिवळं होईपर्यंत किती थेंब लागले, त्यावरून पाण्यातला क्षार कळतो. माझ्याकडे आठ लागायचे. आठ म्हणजे आठ. सात झाले तरी मी अस्वस्थ. असं करत चार वर्षांत तो अंगठा माझ्या पसरलेल्या पंजाएवढा झाला.

आता माहेराचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

माझं माहेर पूर्णेच्या काठचं, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. गावात जी विहीर खणावी तिचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध टाकलं की फाटतं. मुलगी द्यायला आलेले सोयरे आधी पाण्याचा घोट घेऊन बघायचे आणि मग जमिनीचं विचारायचे. शेताला ते पाणी देता येत नाही. दिलं तर माती कडक होते, वर पांढरी खपली धरते. म्हणून विहीर भरलेली आणि वावर कोरडं, हे आम्ही जन्मापासून पाहिलेलं.

धाकटा भाऊ तिथं शेती करत राहिला. पण त्या वर्षांत गावातली माणसं एकेक करून निघाली. दिवाळीला जावं तर गल्लीत नवं कुलूप दिसायचं. शेवटी भाच्यानं पुण्याकडे खोली घेतली आणि बापाला म्हणाला, आता या. भावानं वावर मक्त्यानं दिलं आणि पावसाळ्याच्या आत निघायचं ठरवलं. मला हे फोनवर सांगितलं. मी "बरं केलं" म्हटलं. फोन ठेवला आणि तिथंच पाटावर बसून राहिले. माहेरच्या घरातून मला काय हवं, भांडं की पाटा, असं त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मले विहिरीचं पाणी आण."

"काहून व बाई? येडी झाली का?"

"माझ्या टाकीत टाकते. समुद्राचं पाणी खारंच असते ना. आपलंही खारं आहे."

पलीकडे तो इतका हसला की वहिनीनं विचारलेलं मला ऐकू आलं, काय झालं म्हणून. मग म्हणाला, "आणतो. त्या पाण्यानं आपलं वावर कधी भिजलं नाई. तुह्या मासोळ्यांची पेटी तरी भिजू दे."

तीन कॅन घेऊन तो आला, ओळखीच्या टेम्पोतून. अमरावतीजवळच्या वलगावपर्यंत टेम्पोवाला त्याला विचारत होता म्हणे की काय औषध हाये का यात. त्यानं सांगितलं, बहिणीच्या घरी समुद्र हाये, तो भराले जाऊन राहिलो. कॅन उतरवून तो टाकीपुढे उकिडवा बसला. पोवळं बघत बसला तर उठेना.

"हे झाड हाये का जनावर?"

"जनावर."

"अन् आपल्या पाण्यावर जगते?"

त्यानं हे असं विचारलं की मला खरं सांगवेना. मला तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. दुकानदारानं तीनदा म्हणवून घेतलेलं डोक्यात होतंच. पण मी स्वतःलाच समजावलं. मुळात खारं आहे, बाहेरचं मीठ कमी लागेल, थोडंसं टाकून बघू. खरं तर मला ते पाणी काचेच्या आत, दिव्याखाली, रोज डोळ्यांपुढे हवं होतं. गावी यापुढे जाऊन उतरायला दार नसणार होतं.

भाऊ परत गेल्यावर मी बादलीत ते पाणी घेतलं आणि समुद्राचं मीठ कालवलं. नेहमी थोड्या वेळात नितळ होतं. त्या दिवशी दुधासारखं झालं आणि तळाला पांढरी पूड बसली. मी म्हटलं, मीठ विरघळायचं राहिलं असेल. टाकीतलं तेवढंच पाणी काढून हे वरचं वरचं आत ओतलं. थोडंसं म्हणता म्हणता दोन कॅन गेले.

तिसऱ्या दिवशी फांद्यांची निळी टोकं पांढरी पडली. मी थेंब मोजायला बसले. आठ झाले, निळंच. बारा, निळंच. सोळाव्या थेंबाला रंग फिरला, म्हणजे क्षार दुप्पट. यजमान शेजारी उभे होते, त्यांनी खिशातलं पेन काढून कागदावर सोळा लिहिलं. पाचव्या दिवशी बुडापासून कातडी सुटू लागली. जाळ्यासारखी लोंबायची, पंपाच्या धारेत हलायची, आणि खाली उघडा पांढराशुभ्र दगड.

दुकानात गेले. खोटं बोलायला जीभ उचलेना. सगळं सांगितलं.

त्यानं हातातली माशांची जाळी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "चाची, मायका सबको प्यारा होता है. पण टाकीत कोन टाकते?" मग उपाय सांगितला. पाणी एकदम बदलू नका, त्या धक्क्यानंच मरेल. रोज दोन बादल्या काढा, फिल्टरच्या पाण्यातलं खारं पाणी घाला. आणि जिथं कातडी शाबूत आहे तिथून फांदी कापून घ्या. बाकी जाऊ द्या.

तसं केलं. रोज सकाळी दोन बादल्या काढून मोरीत ओतायची. कोणतं पाणी टाकीचं आणि कोणतं माहेरचं, हे काही वेगळं काढता येत नव्हतं. ओतताना मी दुसरीकडे बघायची. तार कापायच्या कात्रीनं तीन तुकडे कापले. कापताना दगड कडकन वाजतो, तो आवाज अंगावर आला. तिन्ही तुकडे छोट्या दगडांवर पाण्यात न सुटणाऱ्या गोंदानं बसवले. त्यातला एक तुकडा चार दिवसांत गेला. दोन राहिले.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी भाऊ आमच्याकडे उतरला. वहिनी आधीच गेली होती. एक पिशवी आणि गादीचं गाठोडं, एवढंच सोबत. आल्या आल्या चप्पल काढून थेट टाकीपुढे.

"झाड कुठं गेलं व?"

"उन्हाळ्यानं गेलं. लाइट नव्हती."

त्यानं मान हलवली. पाणी प्यायला आत गेला, तेव्हा त्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिसरा कॅन दिसला. झाकण न उघडलेला, त्याच्याच हातच्या सुतळीनं बांधलेला. तो बाहेर आला आणि यजमानांकडे बघत म्हणाला, "भाऊजी, खरं सांगा बरं." यजमान पेपरात तोंड घालून बसले.

मग मीच सांगितलं. "तुह्या पाण्यानं गेलं. माझी चूक आहे. मला माहीत होतं."

मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "सगळंच गेलं?"

मी दोन तुकडे दाखवले, नखाएवढे. तो वाकून बघत राहिला.

"हे जगतीन का?"

"अजून सांगता येत नाही."

"मंग ते पाणी काहून ठेवलं घरात? चुकून पडन यात." असं म्हणत तो उठला, कॅन उचलला, मोरीपाशी नेला, सुतळीची गाठ सोडली आणि सगळं पाणी ओतून दिलं. वीस लिटर ओतायला वेळ लागतो. मी दारात उभी होते. थांब म्हणावं असं फार वाटलं, म्हटलं नाही. रिकामा कॅन त्यानं विसळला, नळाच्या पाण्यानं, आणि उन्हात पालथा ठेवला.

पावसाळा संपता संपता त्या दोन्ही तुकड्यांनी खालच्या दगडावर कातडी पसरली. मग एका रविवारी आठ थेंबांना रंग फिरला आणि काच पुसताना मला दिसलं, एका तुकड्याला बाजूनं निळं टोक फुटलं होतं. गव्हाच्या दाण्याहून लहान. मी तशीच ओल्या हातांनी भावाला फोन लावला.

"फुटलं का?" त्याचा पहिला प्रश्न हाच.

"फुटलं."

"कोणत्या पाण्यावर?"

"फिल्टरच्या."

"चाललं मंग." मागे गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बाई, इथं चोवीस तास नळ हाये. गोड पाणी, एकदम गोड. पण पेलो तरी पेल्यासारखं वाटत नाई व."

मी लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हाचे ते दिवस एकदम आठवले. तांब्यावर तांब्या रिकामा व्हायचा आणि घसा कोरडाच राहायचा, आणि हे कोणाला सांगावं तेही कळायचं नाही.

"होते सवय," मी म्हटलं. "मले दोन वर्षं लागली."