दोनपाशी काढलेलं वर्तुळ

मी दापोलीत अकरावी-बारावीला गणित शिकवते, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. त्या दिवशी अकरावीच्या चाचणीचे पेपर वाटले, तशी केळशीहून एसटीने येणारी एक मुलगी आपला पेपर घेऊन टेबलापाशी आली. घरातली सायन्सला आलेली पहिलीच. इंजिनिअर व्हायचं म्हणून गणित घेतलेलं.

प्रश्न सोपा होता. अंशात एक्स वर्ग उणे चार, छेदात एक्स उणे दोन, आलेख काढा. सामाईक अवयव वर-खाली काटला की एक्स अधिक दोन उरतं, म्हणजे सरळ रेष. तिनं रेष काढली होती, पण एक्स दोन होतो तिथे ती तोडून एक बारीक रिकामं वर्तुळ काढलं होतं. मी दोन मार्क कापले होते.

"मॅडम, दोन घातले तर छेद शून्य होतो ना?"

"अगो, काटल्यावर छेद राहिलाच कुठे? रांगोळी घालायला बसलीस काय इथे?"

वर्ग खो खो हसला. तीही थोडी हसली आणि जागेवर जाऊन बसली.

संध्याकाळी बांगडे साफ करताना एकदम डोक्यात लख्ख झालं. काटायच्या आधीच छेद शून्य! तिथे फलनाला किंमतच नाही, रेष तुटायलाच हवी. कर्म माझं! इतकी वर्षं हेच शिकवतेय, आणि पेपरांच्या ढिगात डोळे मिटून मार्क कापत सुटले.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात चूक कबूल करायची ठरवून गेले, तर ती आलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी दिसली. हातात अर्ज होता: गणित सोडून भूगोल. खाली आईची सही.

मी तिला ओढतच बाकावर बसवलं. आलेख काढला, वर्तुळ काढलं. "तुझंच बरोबर होतं गो. मी चुकले." तिनं मान डोलावली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आवाज चढला, मग अगदी रडकुंडीला आले. कसं पटवू हिला?

"मॅडम, नका ना त्रास करून घेऊ," तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय तुम्ही. कळतंय मला."

आणि उठून तिनं अर्ज खिडकीतून आत सरकवला.