भरलेलाच परतलेला प्याला

स्वयंपाकघरातून मनुका शिजत असल्याचा वास येतो आहे. धाकट्या नातीला चार दिवस खोकला आहे, म्हणून सूनबाईने काळ्या मनुका, ज्येष्ठमध आणि दोन-चार मिरी मंद आचेवर ठेवली आहेत. गोडसर, किंचित तुरट, जिभेच्या आधी घशाला जाणवणारा हा वास. तीस-बत्तीस वर्षे, महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, माझ्या घरात हाच वास भरून राहत असे. माझी पत्नी निवडलेल्या मनुका भिजवी, त्या उकळून फडक्यातून गाळी, आणि तो गडद रस दुसऱ्या दिवशी उपासनेत द्राक्षारस म्हणून प्रभुभोजनाच्या मेजावर जाई. ती प्रभूकडे गेली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्या काळी हा वास आला की पाळकपणाची सारी धावपळ थांबून मन आपोआप हात जोडी. आज तसे होत नाही. आज हा वास आला की मला राग येतो.

राग हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. खेद, विषाद, खंत हे सौम्य शब्द मला ठाऊक आहेत. व्यासपीठावरून मी ते आयुष्यभर वापरले, आणि ज्या ज्या ठिकाणी रागावणे हे माझे कर्तव्य होते त्या त्या ठिकाणी ते माझ्या फार उपयोगी पडले. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडून द्यावा, असे मी कितीतरी भांडणाऱ्या भावांना आणि नवरा-बायकोंना समजावले आहे. माझ्या या रागावर किती सूर्य मावळले, ते मी मोजलेले नाहीत.

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्याला पितळेचा होता, दोन कानांचा, आतून कल्हई केलेला. काठाला एका जागी बारीकसा पोचा. वेदीसमोरच्या लाकडी कठड्यापाशी लोक गुडघे टेकून ओळीने बसत. मी कठड्याच्या एका टोकापासून निघे, प्रत्येकाच्या हाती प्याला देई, त्याने घोट घेतल्यावर शुभ्र रुमालाने काठ पुसून पुढच्याकडे जाई. सर्वांचे झाल्यावर तळाशी जे उरेल ते पाळकाने तिथेच प्यावे, त्यातला एक थेंबही मोरीत जाऊ नये, अशी रीत होती. उरे ते दोन-तीन घोटच. तो प्याला भरलेला किती जड आणि रिकामा होताना किती हलका, हे माझ्या मनगटाला डोळ्यांपेक्षा नीट कळे.

मंडळीत कुणाचे पणजोबा गारगोटीकडच्या शेतकरी कुळातून आलेले, तर कुणाचे पन्हाळ्याच्या पायथ्याच्या अशा वस्तीतून, जिच्याकडे गाव पाठ करून बसत असे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती सारी अंतरे बुडाली, असे मी सांगत असे. नुसते सांगत नसे, मानतही असे. कठड्याशी टेकलेल्या त्या पाठींची ओळ पाहिली की मला वाटे, या शहरात इतकी निखळ पंगत दुसरीकडे कुठे बसत नसेल.

त्या ओळीत एक बाई नेहमी शेवटी येई. विधवा होती. एका मोठ्या रुग्णालयात शौचालये धुण्याचे काम करी. तिच्या सासूनेही तेच केले होते, आणि सासूच्या सासूनेही. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर तिची जागा ठरलेली. सगळे उठून गेले, परत येऊन बसले, की मग ती पदर सावरीत येई आणि कठड्याच्या अगदी कडेला टेके. शेवटचा घोट तिचा. तिच्या त्या शेवटी येण्यावर मी एकदा प्रवचन दिले होते, हे आज लिहितानाही माझे कान तापतात. खालची जागा आपण होऊन निवडणारी नम्रता, असा विषय होता. लोकांनी माना डोलावल्या. उपासनेनंतर चार जणांनी हात हाती घेऊन म्हटले, आज फार छान बोललात. ती पदर सावरीत दाराबाहेर पडली. ती जागा तिने निवडली की तिला नेमून दिली गेली, हे विचारावे असे मला, व्याकरणाच्या सूत्रासूत्रावर शंका काढीत वाढलेल्या मला, सुचले नाही.

पुढे तिचे गुडघे धरले. टेकता येईना, टेकले तर उठता येईना. तेव्हा मीच कठड्याच्या उजव्या टोकाशी एक खुर्ची मांडली आणि उपासना सुरू होण्यापूर्वीच तिला तिथे येऊन बसायला सांगितले. प्याला त्याच टोकापासून निघतो, हे माझ्या ध्यानीही नव्हते. त्या रविवारी माझ्या पाठोपाठ पहिला घोट तिचा झाला. मी काठ पुसला आणि पुढे निघालो. लोक प्याला घेत होते, डोळे मिटत होते, मान मागे नेत होते, परत देत होते. सारे नेहमीसारखे. फक्त प्याला हलका होत नव्हता. कठड्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा तो जवळजवळ तसाच भरलेला होता. ओठ लागले होते. प्याले कुणीच नव्हते.

मी मेजापाशी परतलो. रीतीप्रमाणे उरलेले मला प्यायचे होते. मी उभा राहून तो सगळा प्याला, माझ्या पत्नीकडून कृती शिकून घेतलेल्या मंदिरसेवकाच्या बायकोने केलेला तो गोड रस, घोटाघोटाने संपवला. ती बाई खुर्चीवरून पाहत होती. पाळकाला एवढा वेळ का लागतो आहे, हे तिच्याइतके कुणाला कळले असेल? मी तोंड पुसले आणि आशीर्वचन म्हटले.

इथे थोडे मागे जायला हवे. संस्कृत मी एका वृद्ध शास्त्रीबुवांपाशी शिकलो. परधर्माच्या मुलाला त्यांनी ओटीवर बसवून, एक पैसा न घेता, शब्दांची रूपे आणि काव्ये शिकवली. मी धर्मशिक्षणासाठी निघालो तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मला तहान लागली की ते आतून पाणी मागवीत. माझे फुलपात्र ओटीच्या कोनाड्यात वेगळे, उपडे ठेवलेले असे. मी ते घ्यायचे, वरून ओतलेले पाणी प्यायचे, स्वतः विसळायचे आणि पुन्हा उपडे ठेवायचे. सात वर्षे. विभक्तिप्रत्ययांबरोबर मी तेही पाठ केले. त्या माणसावर माझे आजही प्रेम आहे, आणि त्या फुलपात्रावर आजही राग आहे. दोन्ही एकाच छातीत नांदतात. मग सांगा, जो सात वर्षे कोनाड्यातल्या फुलपात्रातून पाणी प्याला, त्याला भरून परतलेल्या प्याल्याचा अर्थ कळायला वेळ का लागावा? कळला होताच. मी बोललो नाही, एवढेच.

बोलायची वेळही लवकरच टळली. काही महिन्यांत ती साथ आली, प्रार्थनामंदिरे बंद झाली. उघडली तेव्हा एकाच प्याल्याचा प्रश्नच नव्हता. मुलगा परदेशी असलेल्या एका कुटुंबाने बोटभर उंचीचे काचेचे पेले आणि ते बसवायला भोकांचे लाकडी तबक भेट दिले. ज्याचा त्याचा पेला, ज्याचा त्याचा घोट. तेव्हा ते योग्यच होते. पण ते तबक पहिल्यांदा मेजावर ठेवले गेले तेव्हा मला जे वाटले ते सावधगिरीचे समाधान नव्हते. मला सुटल्यासारखे वाटले. माझ्या साऱ्या रागातला सर्वांत मोठा वाटा त्या सुटकेवर आहे.

साथ ओसरली. माणसे लग्नांत खांद्याला खांदा लावून जेवू लागली. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्याच पंचांपैकी एकाच्या घरच्या समारंभात एकाच वाडग्यातला पांढरा रस्सा तिघे-चौघे एकाच पळीने चाखून त्यातल्या मिठावर वाद घालताना मी पाहिले. प्याला मात्र कपाटातून बाहेर आला नाही. आणि ते शंभरेक काचेचे पेले धुण्याचे काम, कुणी सांगितले, कसे ठरले कोण जाणे, त्या बाईकडे गेले होते. मंदिरामागच्या नळापाशी स्टुलावर बसून ती ते एकेक करून धुवी. एका दुपारी मी तिथून जात होतो. तिने हात न थांबवता विचारले, एक विचारू का. मी म्हटले, विचारा.

"त्यो थोरला पेला कुटं गेला ओ, पाळकसाहेब?"

मी म्हणालो, कल्हई करायला दिला आहे. हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले की त्याची मलाच भीती वाटली. तिने हातातला पेला उजेडाकडे धरून पाहिला, तबकात ठेवला, दुसरा उचलला.

"कल्हईवाला लई लांबचा दिसतोय," ती म्हणाली.

पुढच्या बैठकीत मी पंचमंडळापुढे विषय काढला. कुणी नाही म्हणाले नाही. पाहू या, लोकांचा कल घेऊ या, पावसाळा जाऊ द्या, असे सगळे बोलत राहिले आणि वरच्या पंख्याकडे पाहत राहिले. बैठकीनंतर एका पंचांनी मला बाजूला घेतले. शाहूपुरीत त्यांचे पाण्याच्या पंपांचे दुकान आहे. मनाने उदार माणूस. मंडळीत कुणी आजारी पडले तर पहिली गाडी त्यांची येते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पाळकसाहेब, देवापुढं समदी सारखीच की. त्यात वाद न्हाय. पर पेला तोंडाला लावायचा असतोय."

मी विचारले, आणि ते काचेचे पेले कोण धुते?

"धुतलं की सुकतंय त्ये," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कपट नव्हते. एखाद्या अडाण्याला पंप कसा चालतो ते समजावून सांगावे, तसे ते मला सांगत होते. कपट असते तर मला इतका राग आला नसता.

माझ्या निवृत्तीला तेव्हा पाच महिने होते. त्यांतले चार महिने मी तबकच पुढे केले, हेही लिहून ठेवले पाहिजे. शेवटच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मात्र मी कपाट उघडले. प्याला कापडात गुंडाळलेला होता, काळवंडला होता. दुकानात बसलेल्या एका खऱ्या कल्हईवाल्याकडे मी तो स्वतः घेऊन गेलो आणि तो होईस्तोवर बाकड्यावर बसून राहिलो. परत आल्यावर बाहेरून चिंचेने घासला. पंचमंडळास विचारले नाही. रविवारी सकाळी मेजावर तबक नाही हे त्या पंचांनी पाहिले आणि ते माझ्या खोलीच्या दारात आले. लोक उठून जातील, असे हळूच म्हणाले. मी म्हटले, जाऊ द्या. एवढ्या वर्षांच्या सेवेत हे दोन शब्द मी कुणाही विश्वासणाऱ्याबद्दल प्रथमच उच्चारले.

प्रवचन लहान होते. भरून परतलेल्या प्याल्याची हकीकत मी सांगितली. त्या बाईचे नाव घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. माझ्या नम्रतेवरच्या प्रवचनाबद्दल सांगितले, कल्हईच्या खोटेपणाबद्दल सांगितले, काचेचे तबक पाहून मला सुटल्यासारखे वाटले तेही सांगितले. परजातीच्या बाईकडे विहिरीवर पाणी मागणाऱ्या प्रभूच्या नावाने आपण इथे जमतो, आणि तसल्या हातचे पाणी आपल्या ओठांना अजून सोसत नाही, असे म्हणताना माझा आवाज चढला. चढू दिला. मग मी प्याला घेऊन तिच्या खुर्चीपाशी गेलो. रीतीप्रमाणे पहिला घोट पाळकाचा. त्या दिवशी मी तो तिला दिला. मग काठ न पुसता, न फिरवता, जिथे तिचे ओठ लागले होते तिथूनच मी प्यालो आणि पुढे निघालो.

काही बाके रिकामी झाली. काही जण बाकावरच मान खाली घालून बसून राहिले. ते पंच त्यांतच होते. त्यांची पत्नी शेजारून उठली, क्षणभर त्यांच्या गुडघ्याला अडखळली, कारण त्यांनी वाट दिली नाही, आणि मग पुढे येऊन कठड्याशी टेकली. ती प्याली. खरोखर प्याली, मनगटाला कळते. काही म्हातारे प्याले, तीन-चार तरुण मुली प्याल्या, आणि काहींनी पुन्हा नुसते ओठच लावले. दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा प्याला निम्मा होता.

निम्मा. मी तो घेऊन उभा राहिलो. जिंकलो म्हणावे तर जड, हरलो म्हणावे तर हलका. तेवढ्यात मला वाटले की रीत मोडायचीच तर पूर्ण मोडावी, आणि उरलेले तिच्यासोबत वाटून घ्यावे. मी परत खुर्चीपाशी गेलो आणि प्याला तिच्यापुढे धरला. तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात कृतज्ञता नव्हती, आणि ती मी कशी काय अपेक्षिली होती, याचा मला तिथल्या तिथे संताप आला.

"न्हाय, पाळकसाहेब," ती हळू म्हणाली. "माझं मी घेतलं. उरल्यालं तुमचं हाय."

मी मेजापाशी जाऊन ते प्यालो.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त झालो. नवे पाळक तरुण आहेत, भले आहेत. एका महिन्याच्या रविवारी प्याला आणि पुढच्या महिन्याच्या रविवारी तबक अशी तडजोड त्यांनी काढली आहे, आणि प्याल्याच्या रविवारी गर्दी कमी असते, असे कळते. ती बाई दोन्ही रविवारी जाते, त्याच खुर्चीवर बसते. पेले धुणे मात्र तिने सोडले आहे. आता मंडळीतल्या बायका ते पाळीपाळीने धुतात. पंचांची पत्नीही धुते म्हणे.

काढा झाला आहे. सूनबाई नातीला फुंकर घालून पाजते आहे, आणि नात अर्धा पिऊन तोंड फिरवते आहे. हा राग माझ्यातून निघून जावा म्हणून मी पूर्वी प्रार्थना करीत असे. आता करीत नाही. मला त्या बाईने माझा वाटा नीट दाखवून दिला होता. वय झाले, तरी त्या रागातला एक थेंबही मोरीत जाऊ नये, एवढे मी जपतो.