हरणीला वाहिलेली श्रद्धांजली

मंगळवारी सकाळी आप्पा गेले. फोन आला तेव्हा मी दवाखान्याचं कुलूप उघडत होतो.

आप्पा आमच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, जनावर धरणारा माणूस. कागदावर मी डॉक्टर आणि ते माझ्या हाताखालचे. अकरा वर्षांत किती वेळा मी त्यांच्या हाताखाली होतो, ते कागदावर कुठे नाही. परवा विहारात पुण्यानुमोदन झालं. चार शब्द बोला म्हणाले. मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितो आहे, तेही हळूहळू. आप्पांचे गुण वगैरे लिहिणार नाही. एका दिवसाचं काम काय झालं, तेवढं सांगतो.

एप्रिल महिना होता. केंदूरला यात्रेच्या बैलगाडा शर्यती होत्या आणि जनावरं तपासायची ड्युटी आम्हा दोघांना लागली होती. आमच्या भागात गाड्याच्या पुढे एक घोडी पळते. बैल तिच्या मागे जीव खाऊन धावतात. शर्यतीच्या चढाच्या रस्त्याला घाट म्हणतात. घोडी बिचकली, थकली, तर चांगले बैलसुद्धा घाटात नुसते चालत येतात. त्यामुळे घोडीचा मान मोठा आणि तिची काळजीही मोठी.

वरवंडच्या भानुदास बापूंची घोडी हरणी. आदल्या वर्षी एका यात्रेला नेताना ती गाडीतच कोसळली होती, कशीबशी वाचली. पुन्हा तसं झालं तर ती उठणार नाही, हे मी बापूंना सांगून ठेवलं होतं. म्हणून बापू म्हणाले, "डॉक्टर, तुमालाबी केंदूरलाच जायचंय न्हवं? माज्याच पिकपमधी चला. घोडी मागं, तुमी म्होरं. मला जरा धीर."

सकाळी आठला आम्ही वरवंडला बापूंकडे पोचलो. पिकअपचा मागचा हौदा चारी बाजूंनी निळ्या ताडपत्रीने गच्च बांधलेला होता. वर काळी बाहुली, लिंबू, मिरच्या.

"घोडी कुठंय?" मी विचारलं.

"आत हाय की. अंगावर चार वल्ल्या गोण्या टाकल्यात. गारेगार."

मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण बापूंना उशीर होत होता, आणि गोण्या खरंच ओल्या होत्या. माझी चूक इथे झाली. आप्पांनी ताडपत्रीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि ते खिडकीशी जाऊन बसले.

चौफुल्याहून आत वळलो. मागून फळीवर टापा आपटल्याचा आवाज येत होता. बापूंना त्याची काळजी वाटत होती. "लई तरमळतीया," ते म्हणत होते. पारगावच्या पुलाच्या अलीकडे आवाज थांबला.

"झोपली वाटतं," बापू खूश झाले.

"गाडी बाजूला घ्या," आप्पा म्हणाले. "घोडी उभ्यानं झोपती, पर अशी न्हाई झोपत."

ताडपत्रीचा कोपरा सोडला, तर आतून भात शिजल्यासारखी वाफ आली. हरणी चारी पाय फाकून उभी होती. नाकपुड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. थर्मामीटर लावला. एकशे चारच्या वर. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण एकशे एकपर्यंत असतं.

इथे थोडं समजावून सांगतो. घोड्याला माणसासारखा अंगभर घाम येतो. तो घाम वाऱ्यावर सुकला की अंग गार होतं. ओली गोणी टाकली की घाम सुकायची वाट बंद. दहा मिनिटांत ती गोणी अंगाइतकीच गरम होते. वर ताडपत्री बांधली की वारा बंद. म्हणजे आपण घोडी गार करत नसतो, मोदकपात्रात ठेवत असतो.

गोण्या काढल्या. कडुलिंबाच्या सावलीला गाडी घेतली. आप्पा पाणी ओतत होते, मी गरम झालेलं पाणी हाताच्या कडेने निपटत होतो. ओतायचं, निपटायचं, पुन्हा ओतायचं. मान, छाती, मांड्यांच्या आत. तिचा दोरही आखूड बांधला होता. आप्पांनी तो सैल केला. घोड्याला प्रवासात मान खाली घालता आली पाहिजे, नाहीतर धूळ छातीत राहते. पाणी दाखवलं तर ती पिईना. पारगावच्या पाण्याचा वास तिच्या ओळखीचा नव्हता. आप्पांनी खिशातून गुळाचा खडा काढून बादलीत चुरडला. मग प्यायली. शेवटी तोंडापुढे थोडा लसूणघास टांगला. "तोंड चालू ऱ्हायलं की डोस्कं गप ऱ्हातं," आप्पा म्हणाले. "माणसाचं उलटं हाय."

पाऊण तासाने थर्मामीटर एकशे दोनवर आला. आता निघता येणार होतं, पण ताडपत्रीशिवाय. बापू ताडपत्री घेऊन पुन्हा चढू लागले.

"बापू, नको," मी म्हणालो.

"डॉक्टर, दृष्टीचं काय? मागल्या साली एक जण 'काय घोडी हाय' म्हनला आन् अर्ध्या तासात आडवी झाली."

"तवा ताडपत्री व्हती का?" आप्पांनी विचारलं.

"व्हती की. हीच."

"मग त्याला दिसली कशी?"

बापूंनी थोडा विचार केला. "फटीतनं," ते म्हणाले.

मी उष्णतेबद्दल सगळं पुन्हा सांगितलं. बापूंनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि दोरीची गाठ मारायला घेतली. पुस्तक वाचून आलेल्या माणसाचं असंच होतं. आप्पांचा दृष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. पण बापूंचा होता, आणि आप्पांना तेवढा पुरत असे.

"बापूंचं खरंय," आप्पा म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. "घोडी देखणी हाय, दृष्ट लागनारच. मंग घोडी झाकन्यापरीस देखनेपन झाकू."

त्यांनी माझ्या पेटीतून जांभळं औषध काढलं. जखमेवर मारायचा स्प्रे. त्याने घोडीला काही होत नाही, फक्त रंग लवकर जात नाही. मी काही म्हणायच्या आत हरणीच्या पाठीवर, मानेवर, ढुंगणावर पंधरा-वीस जांभळे डाग पडले होते. एका पायाला बँडेज. मग त्यांनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून माझ्यापुढे धरला.

"लिवा डॉक्टर. तुमचं अक्षर सरकारी हाय. 'आजारी जनावर. जवळ येऊ नये.'"

मी सरकारी नोकर. खोटं लिहिणं मला शक्य नव्हतं. पण घोडीला एकशे दोन ताप होता, तेव्हा 'आजारी' हे खरंच होतं. मी लिहिलं.

बापू खाली उतरून लांब गेले आणि घोडीकडे पाहून आले. "लई वंगाळ दिसतीया," ते समाधानाने म्हणाले. ताडपत्री त्यांनी स्वतः घडी करून सीटखाली घातली.

न्हावऱ्याला चहाला थांबलो. घोडीला वाऱ्यात ठेवून चहा प्यायचा, गाडी उन्हात उभी करायची नाही, एवढं आता बापूंना पटलं होतं. तिथे तात्या भेटले. तेही गाडामालक, बापूंचे प्रतिस्पर्धी. त्यांनी जांभळी घोडी पाहिली, पाटी वाचली, मला पेटीसकट पाहिलं.

"बापू, काय झालं वो हे?"

बापू बोलणार, तेवढ्यात आप्पांनी मान खाली घातली. "डॉक्टर संगं हाईत, तात्या. आता काय बोलायचं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तात्यांनी बापूंच्या खांद्यावर हात ठेवला. "लई गुणाची व्हती," म्हणाले आणि फोन काढत निघून गेले.

तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत बापूंचा फोन दोनदा वाजला. पहिला वहिनींचा. त्या रडत होत्या. "अवो, हरणी गेली व्हय?"

"कुठं जातीया? माज्या मागं उभी हाय, घास खातीया."

दुसरा मेव्हण्याचा. त्याने व्हॉट्सॲपला पाहिलं होतं. हरणीचा फोटो, दोन्हीकडे समया, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. बापूंनी गाडी थांबवून तो फोटो नीट पाहिला.

"फोटू चांगला निवडलाय," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. "आप्पा, हे काय वंगाळ तर न्हाई?"

"उलट ब्येस," आप्पा म्हणाले. "गेलेल्याला कुनाची दृष्ट लागती का?"

बापू शिक्रापूरपर्यंत शीळ वाजवत आले.

तिसरा फोन माझ्या मोबाईलवर आला. आमच्या खात्याच्या साहेबांचा.

"डॉक्टर, वाहतुकीत घोडीचा मृत्यू झाला, आणि तुमचा रिपोर्ट नाही?"

"साहेब, घोडी जिवंत आहे."

"मला तीन ठिकाणांहून कळलंय."

"ती माझ्या मागेच उभी आहे, साहेब."

"मग तसं लेखी द्या."

"जिवंत असल्याचं? त्याचा फॉर्म नाही आपल्याकडे."

"साध्या कागदावर द्या. सही-शिक्क्यासह."

केंदूरच्या घाटाजवळ पोचलो तेव्हा स्पीकर बंद होता. हजारभर माणसं, पण कुठे आवाज नाही. टोप्या हातात. आम्हाला वाटलं काही अपघात झाला. गाडी हळूच कडेने आत घेतली. मंचावर निवेदक मान खाली घालून उभे होते, त्यांच्या शेजारी तात्या डोळे मिटून.

घाटावरच्या बाकीच्या घोड्या पाहून हरणी खिंकाळली. चांगली लांब, मोकळ्या छातीने.

सगळ्या माना वळल्या. जांभळ्या डागांची घोडी, पायाला बँडेज, आणि पुढे शीळ वाजवणारे बापू. निवेदकांनी माईक हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

"वरवंडकर बापूंच्या हरणीला... वाहिलेली श्रद्धांजली... आम्ही मागे घेत आहोत."

तात्या एवढंच म्हणाले, "आप्पा, तुमी मला बोललाता..."

"म्या काय बोललो?" आप्पांनी विचारलं. "डॉक्टर संगं हाईत म्हनलो. हे बघा, अजूनबी हाईत."

सकाळच्या फेरीत मी हरणीला सोडलं नाही. बापू चिडले, आप्पांनी त्यांना झाडाखाली बसवलं. दर तासाला थर्मामीटर लावला. दुपारी चारला तो शंभर पॉइंट पाचवर आला, श्वास शांत, पाणी प्यायलेली. मग परवानगी दिली. जांभळी घोडी घाटात पळाली आणि बापूंचा गाडा तिसऱ्या नंबरात आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळी ती स्वतःच्या पायांनी गाडीत चढली. परतताना ताडपत्री सीटखालीच होती.

मला वाटलं, तालुक्याला एक गोष्ट शिकवली. पुढच्या हंगामात ड्युटीला गेलो. एका गाडीची ताडपत्री सोडली, आत वाफ, ओल्या गोण्या, आणि घोडीच्या अंगावर जांभळे डाग. दुसरी सोडली, तसंच. त्या दिवशी सात घोड्यांवर मी जांभळे डाग मोजले. लोकांनी उपाय घेतला होता, पण नेमका चुकीचा अर्धा. आप्पा इतके हसले की त्यांना बादली खाली ठेवावी लागली. मग ती उचलली आणि आम्ही पहिल्या घोडीपासून सुरुवात केली. ओतायचं, निपटायचं.

जे पटवायचं असतं ते सांगताना सोबत गंमत द्यावी लागते, आणि गंमत दिली की लोकांच्या लक्षात तीच राहते. याच्यावर उपाय आम्हाला सापडला नाही. दर हंगामात नव्याने सांगायचं, एवढंच आम्ही करत आलो.

हरणी आता पळत नाही. वरवंडला बापूंच्या गोठ्यात आहे, दात झिजलेत, घास बारीक करून द्यावा लागतो. आमच्या दवाखान्यात ड्रेसरचं पद रिक्त आहे.