काकूंची बोट आणि दत्तूचं चाळीस

सांगलीच्या आमच्या घाटावर किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी पोहायला उतरलं, की एखादा अंगाला लागूनच वर येतो. त्यातले निम्मे सुमनकाकूंचे! शाळेत पीटी शिकवून रिटायर झाल्या, आता आमच्या पोहणाऱ्यांच्या मंडळाची, पुरात माणसं काढायची बोट चालवतात. बोट जुनी, फायबरची. उन्हाळ्यात तिचं इंजिन बसलं आणि पावसाळ्याआधी नवं घेणं आलं. पण किती हॉर्सपॉवरचं?

*

दत्तू आमचा उतावळा गडी. "काकू, चाळीसच घ्या! माज्या उसाला साडेसातची मोटर हाय. हितं तर माणसं वाचवायची हाईत!"

"तुझी मोटर बसल्या जागी पाणी ओढते रे. बोटीला इंजिन पाठीवर घेऊन पळायचंय!"

*

तरी दत्तू ऐकेना. मग काकूंनी तालमीतला पैलवान बोलावला. "चाळीसचं इंजिन साधारण एवढं भरतं," म्हणाल्या आणि इंजिन लावतात त्या मागच्या फळीवर त्याला बसवलं. आम्ही सगळे आधीच आत. फळी करकरली, बोटीचं नाक वर, मागून पाणी आत!

"काकू, मला पवायला येत न्हाई!" पैलवान ओरडला.

"आज येईल," काकू शांतपणे म्हणाल्या.

*

दुकानदार म्हणाला, "मॅडम, बोटीवरच्या पट्टीवर पंचवीसपर्यंत चालतं असं लिहिलंय."

"ती पट्टी ठोकली तेव्हा मीसुद्धा शंभर सूर्यनमस्कार घालायचे! पंधराचं द्या."

दत्तू जाम भडकला. "लोक बुडतील आन् तुमी वाटंतच! असल्या बोटीत मी पाय ठेवणार न्हाई!" खरं सांगतो, धाकधूक मलाही होती. पण काकूंनी गच्च भरलेली बोट उलट्या धारेला लावली, पदर खोचला आणि पुलापर्यंत नेऊन आणली. काय बाई आहे राव!

*

आणि पूर आलाच. दत्तूचं घर नदीलगत, मातीच्या भिंतींचं. तो आणि त्याची आई पत्र्यावर चढून बसलेले. लांबूनच बोंबलत होता, "काकू, जोरात या! लय जोरात!"

काकूंनी इंजिन ताणलं. आमच्या बोटीची लाट पुढं गेली आणि भिजलेल्या भिंतीवर आपटली. भिंतीचा हा एवढा लचका पाण्यात पडला, पत्रा कलला.

"काकू, हळू! आवं, आजून हळू!"

काकूंनी इंजिन पार बारीक केलं. बोट अलगद पत्र्याला टेकली. आम्ही आधी त्याच्या आईला उतरवून घेतलं. म्हातारी नीट बसली, लुगडं सावरलं आणि वर लेकाकडं बघितलं.

"ठीव की आता पाय, मुडद्या!"